अग्निपथ योजना: चार वर्षांच्या सैन्यसेवेत जावे का? कोलकात्यातील मराठी तरुण आणि पालकांसाठी मार्गदर्शक माहिती

थोडक्यात

- अग्निपथ योजनेत निवड झालेला तरुण 'अग्निवीर' म्हणून चार वर्षे सेवा करतो. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना कायम सेवेत घेतले जाते.
- उरलेल्यांना सेवा निधीची एकरकमी रक्कम मिळते. पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही.
- निमलष्करी दलांत आणि काही सरकारी पदांत माजी अग्निवीरांसाठी राखीव जागा आहेत. त्यासाठी वेगळा अर्ज करून निवड व्हावी लागते, नोकरी आपोआप मिळत नाही.
- थलसेनेत कोणत्या भरती कार्यालयातून अर्ज करायचा हे तुमच्या अधिवास दाखल्यावरून ठरते. कोलकात्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ही गोष्ट आधी पक्की करावी.

ही माहिती कोणासाठी आहे?

सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागांतील अनेक कुटुंबे सोने-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पसरली आहेत. त्यांतील काही कोलकात्यात राहतात. याशिवाय रेल्वे, बँका आणि केंद्र सरकारी कार्यालयांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबेही शहरात आहेत. अशा घरातील मुलगा किंवा मुलगी दहावी-बारावी झाली आणि सैन्यात जायचे म्हणू लागली, की घरात एकच प्रश्न निघतो: "चार वर्षांनी पुढे काय?" या प्रश्नाचे उत्तर घरच्यांनी एकत्र बसून शोधावे. त्यासाठी लागणारे नियम आणि हिशेब येथे दिले आहेत.

योजना काय आहे?

केंद्र सरकारने १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर केली. तेव्हापासून थलसेना, नौदल आणि हवाई दलात अधिकारी पदाखालील सैनिकांची भरती या योजनेतून होते. प्रशिक्षणाचा काळ या चार वर्षांतच धरला जातो. योजना जाहीर करताना वयोमर्यादा साडेसतरा ते २१ वर्षे ठेवली होती. २०२२ या एकाच वर्षासाठी ती २३ वर्षांपर्यंत वाढवली होती. दर वर्षीच्या जाहिरातीत जन्मतारखेची नेमकी मर्यादा दिलेली असते, तीच ग्राह्य धरावी.

योजनेला न्यायालयात आव्हान दिले गेले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये योजना वैध ठरवली. त्या निकालाविरुद्धची अपिले सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये फेटाळली.

भरती 'अखिल भारतीय, सर्व वर्ग' या तत्त्वावर होते. आजोबा किंवा काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते म्हणून तुम्हालाही तीच रेजिमेंट मिळेल, असे धरून चालू नका. रेजिमेंट किंवा तुकडी निवडण्याचा हक्क उमेदवाराला नसतो.

पगार आणि सेवा निधी

अग्निवीराच्या मासिक पगारातील ३० टक्के रक्कम सेवा निधीत जमा होते. तेवढीच रक्कम सरकार आपल्या वतीने भरते.

- पहिले वर्ष: पगार ३०,००० रुपये, निधीत ९,०००, हातात २१,०००
- दुसरे वर्ष: पगार ३३,००० रुपये, निधीत ९,९००, हातात २३,१००
- तिसरे वर्ष: पगार ३६,५०० रुपये, निधीत १०,९५०, हातात २५,५५०
- चौथे वर्ष: पगार ४०,००० रुपये, निधीत १२,०००, हातात २८,०००

चार वर्षांत हातात येणारी रक्कम सुमारे ११ लाख ७२ हजार रुपये होते. निधीत तुमचे ५ लाख २ हजार आणि सरकारचे तेवढेच, असे मिळून सुमारे १० लाख ४ हजार रुपये जमा होतात. योजना जाहीर करताना सरकारने व्याजासह ही रक्कम सुमारे ११ लाख ७१ हजार होईल असे सांगितले होते. सेवा निधीच्या रकमेवर आयकर लागत नाही.

राहणे, जेवण आणि वैद्यकीय उपचार सेवेकडून मिळतात. जोखीम व खडतर प्रदेशासाठीचे भत्ते, गणवेश भत्ता आणि प्रवास भत्ता नियमानुसार वेगळे मिळतात. महागाई भत्ता आणि लष्करी सेवा वेतन मात्र अग्निवीरांना लागू नाही. वर्षाला ३० दिवसांची रजा आहे. वैद्यकीय सल्ल्यानुसार आजारपणाची रजाही मिळते.

घरखर्च किंवा कर्जाचा हप्ता ठरवताना हातात येणारी रक्कमच धरा. पहिल्या वर्षी ती २१,००० रुपये आहे. सेवा निधीला मुदत संपेपर्यंत हात लावता येत नाही.

विमा आणि भरपाई

- अग्निवीराचा ४८ लाख रुपयांचा जीवन विमा असतो. त्यासाठी पगारातून हप्ता कापला जात नाही.
- सेवेमुळे मृत्यू झाल्यास विम्याव्यतिरिक्त ४४ लाख रुपयांची सानुग्रह रक्कम मिळते. शिवाय चार वर्षांपैकी उरलेल्या काळाचा पगार सेवा निधीच्या वाट्यासह कुटुंबाला मिळतो.
- सेवेमुळे अपंगत्व आल्यास, वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या प्रमाणानुसार (१००, ७५ किंवा ५० टक्के) अनुक्रमे ४४, २५ किंवा १५ लाख रुपये एकदाच मिळतात.

नियमित सैनिकाच्या कुटुंबाला मिळणारी कुटुंब पेन्शन अग्निवीराच्या कुटुंबाला लागू होत नाही. ही बाब पालकांनी, विशेषतः आईने, अर्ज भरण्याआधी समजून घ्यावी. मुलाने ती स्वतः घरी सांगावी. नंतर कोणाकडून तरी कळण्यापेक्षा ते बरे.

चार वर्षांनंतर काय होते?

चार वर्षे पूर्ण झाल्यावर अग्निवीर कायम सेवेसाठी अर्ज करू शकतो. चार वर्षांतील कामगिरी आणि सैन्यदलाच्या गरजा पाहून निवड होते. २५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. कायम सेवा हा हक्क म्हणून मागता येत नाही. निवड झाल्यास पुढे किमान १५ वर्षांची सेवा असते आणि नियमित सैनिकाचे नियम लागू होतात. अशा वेळी सेवा निधीतून फक्त तुमचा स्वतःचा वाटा आणि त्यावरील व्याज मिळते, सरकारचा वाटा मिळत नाही.

निवड न झालेल्यांना पूर्ण सेवा निधी, कौशल्य प्रमाणपत्र आणि शिक्षणाविषयीचे लाभ मिळतात. दहावी होऊन भरती झालेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमातून बारावीचे प्रमाणपत्र मिळवण्याची सोय आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या विशेष पदवी अभ्यासक्रमात निम्मे श्रेयांक सेवेतील प्रशिक्षणासाठी दिले जातात.

सेवा संपल्यावर लष्करी कँटीन आणि माजी सैनिकांची आरोग्य योजना या सुविधा बंद होतात.

पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होत आहेत. बाहेर पडलेल्यांपैकी कोणाला कोठे काम मिळाले, याचा मोठा अनुभव गाठीशी नसताना तुम्ही निर्णय घेत आहात, हे लक्षात असू द्या.

राखीव जागांचा अर्थ नीट समजून घ्या

केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आणि आसाम रायफल्समध्ये माजी अग्निवीरांसाठी १० टक्के जागा राखीव ठेवण्याचा निर्णय २०२२ मध्ये जाहीर झाला. कमाल वयात तीन वर्षांची आणि पहिल्या तुकडीसाठी पाच वर्षांची सवलत आहे. तटरक्षक दल, संरक्षण खात्यातील नागरी पदे आणि संरक्षण क्षेत्रातील सार्वजनिक उपक्रमांतही १० टक्के जागा राखीव ठेवण्याचे जाहीर झाले आहे. प्रत्येक दल आपल्या भरती नियमांत हे प्रमाण बदलू शकते, म्हणून त्या त्या वेळची जाहिरात पाहावी.

येथे एक गैरसमज टाळावा. दहा टक्के हे प्रमाण भरल्या जाणाऱ्या पदांचे आहे. बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांपैकी दहा टक्क्यांना किंवा सर्वांना नोकरी मिळेल, असा त्याचा अर्थ होत नाही. या जागांसाठी माजी अग्निवीरांची आपापसांतही स्पर्धा होईल.

राज्य पोलिसांतील राखीव जागा राज्यागणिक वेगळ्या आहेत. उदाहरणार्थ, उत्तर प्रदेशाने पोलीस भरतीत माजी अग्निवीरांसाठी २० टक्के जागा ठेवण्याचा निर्णय २०२५ मध्ये घेतला. दुसऱ्या राज्याचा निर्णय तुम्हाला लागू होईलच असे नाही. तुमचा अधिवास ज्या राज्याचा आहे, तेथील नियम पाहा.

कितव्या वर्षी जाता, यावर बरेच अवलंबून आहे

केंद्रीय दलांतील हवालदार (जनरल ड्यूटी) भरतीसाठी सर्वसाधारण गटात वयोमर्यादा १८ ते २३ आहे. तीन वर्षांची सवलत धरली तर ती २६ होते.

- १८ व्या वर्षी भरती झालेला तरुण २२ व्या वर्षी बाहेर पडतो. त्याच्या हाती प्रयत्नांसाठी साधारण चार वर्षे राहतात.
- २१ व्या वर्षी भरती झालेला २५ व्या वर्षी बाहेर पडतो. त्याच्या हाती जेमतेम एक वर्ष राहते.

इतर मागासवर्ग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना नियमानुसार वेगळी सवलत मिळते. तरीही हिशेबाची पद्धत हीच. वयाच्या वरच्या टोकाला असाल तर पुढच्या भरतीवर भिस्त ठेवण्यापेक्षा पदवी किंवा हातातले कौशल्य यांची सोय आधी लावा.

अर्ज कोठून करायचा: कोलकाता की मूळ जिल्हा?

थलसेनेची भरती जिल्हावार होते. पश्चिम बंगालमधील जिल्हे कोलकाता भरती विभागाखाली येतात आणि महाराष्ट्रातील जिल्हे पुणे भरती विभागाखाली. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयाकडे आहेत.

तुमच्याकडे ज्या जिल्ह्याचा अधिवास दाखला आहे, त्या जिल्ह्यातून अर्ज करावा. म्हणून पुढील गोष्टी तपासा.

१. दाखला कोठला आहे? मुलाचा जन्म आणि शाळा कोलकात्यात, पण घरचे रेशन कार्ड आणि जातीचा दाखला गावचा, असे अनेक घरांत असते. अर्जाच्या वेळी एकाच जिल्ह्याचे कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत.

२. नाव आणि जन्मतारीख जुळते का? दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि अधिवास दाखला यांत नाव सारखे हवे. मराठी पद्धतीने वडिलांचे नाव मध्ये लावलेले असते आणि बंगालमधील शाळेच्या दाखल्यात ते गाळलेले असू शकते. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम जाहिरात येण्यापूर्वीच करून घ्या.

३. प्रवासाची तयारी आहे का? गावच्या दाखल्यावर अर्ज केला तर मैदानी चाचणी आणि वैद्यकीय तपासणीसाठी महाराष्ट्रात जावे लागेल. हावड्याहून पुण्यापर्यंतच आझाद हिंद एक्सप्रेसला एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. प्रवासाचा शीण घेऊन लगेच धावायला उभे राहू नका. दोन-तीन दिवस आधी पोहोचा.

दोन जिल्ह्यांचे दाखले काढून दोन ठिकाणी अर्ज करू नका. खोटा अधिवास उघड झाल्यास उमेदवारी रद्द होते, आणि सेवेत असाल तर सेवाही जाते.

कोलकात्यातील फोर्ट विल्यम, म्हणजे सिंधुदुर्गातील किल्ल्यावरून आता विजय दुर्ग हे नाव मिळालेला किल्ला, हे सैन्याच्या पूर्व कमांडचे मुख्यालय आहे. तेथे भरतीचे अर्ज घेतले जात नाहीत. अर्ज सैन्याच्या अधिकृत भरती संकेतस्थळावर ऑनलाइनच भरायचा असतो.

निवड कशी होते?

पहिल्या टप्प्यात संगणकावर सामायिक प्रवेश परीक्षा होते. २०२५ पासून ही परीक्षा १३ भाषांत देता येते आणि त्यांत मराठी आणि बंगाली दोन्ही आहेत. मुलगा बंगाली किंवा इंग्रजी माध्यमात शिकला असेल तर घरची भाषा म्हणून मराठी निवडू नका. ज्या भाषेत गणित आणि विज्ञान शिकला, तीच भाषा निवडा.

दुसऱ्या टप्प्यात मैदानी चाचणी होते. १.६ किलोमीटरची धाव साडेपाच मिनिटांत पूर्ण केल्यास ६० गुण आणि दहा पुल-अप्सना ४० गुण मिळतात. नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे आणि नागमोडी पट्टीवर तोल सांभाळून चालणे यांत फक्त उत्तीर्ण व्हायचे असते. त्यानंतर कागदपत्रांची छाननी आणि वैद्यकीय तपासणी होते. कोलकात्यातील दमट हवेत दुपारी सराव टाळा, पहाटे मैदानावर किंवा रवींद्र सरोवराच्या काठी धावा.

जनरल ड्यूटीसाठी दहावीला एकूण किमान ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के गुण लागतात. लिपिक पदासाठी बारावी आवश्यक आहे. उमेदवार अविवाहित असावा लागतो आणि चार वर्षांच्या काळात लग्न करता येत नाही. १८ वर्षांखालील उमेदवाराच्या अर्जावर पालकांची सही लागते.

हो म्हणण्यापूर्वी घरात विचारायचे पाच प्रश्न

१. सैन्यात जायचे आहे की फक्त नोकरी हवी आहे? शिस्त, खडतर प्रदेश आणि घरापासून दूर राहणे ज्याला मनापासून पटते, त्याची चार वर्षे पुढे नोकरी न मिळाली तरी वाया जात नाहीत. फक्त कायम पगारासाठी जाणाऱ्याने २५ टक्क्यांची मर्यादा पुन्हा वाचावी.

२. घर या पगारावर अवलंबून आहे का? घरात कर्ज असेल आणि कमावता माणूस एकच असेल, तर चार वर्षांनंतर पगार थांबणार हे धरून हप्ते ठरवा.

३. सेवा निधीचे काय करणार? दहा लाख रुपये एकदम मोठे वाटतात. सात टक्के व्याज धरले तर त्यातून महिन्याला सहा हजारांहूनही कमी उत्पन्न मिळते. ही रक्कम पेन्शनची जागा घेऊ शकत नाही. शिक्षण, दुकान किंवा यंत्रसामग्री यांसाठी मात्र ती चांगले भांडवल ठरते.

४. परत आल्यावर बसायला जागा आहे का? समजा, वडिलांचे बडाबाजारात गलाईचे दुकान आहे. चार वर्षे मुलगा नसताना दुकान कोण पाहणार आणि तो परतल्यावर त्याचा वाटा काय, हे भावांनी आधीच बोलून ठेवावे. दुकान नसलेल्या घरात हाच प्रश्न शिक्षणाविषयी विचारा: पदवी कधी आणि कोठून पूर्ण होणार?

५. निवड झाली नाही तर? एका भरतीसाठी दोन-दोन वर्षे कॉलेज सोडून नुसता सराव करू नका. शिक्षण चालू ठेवूनही तयारी होते.

इतर मार्ग

- केंद्रीय सशस्त्र पोलीस दले: कर्मचारी निवड आयोगाची हवालदार परीक्षा थेट देता येते. ती २०२४ पासून मराठी आणि बंगालीसह प्रादेशिक भाषांत होते. येथे ६० वर्षांपर्यंत सेवा असते.
- राज्य पोलीस: पश्चिम बंगाल पोलीस हवालदार पदासाठी बंगाली लिहिता, वाचता आणि बोलता यावे लागते (दार्जिलिंग-कालिम्पाँगच्या डोंगरी भागासाठी वेगळी तरतूद आहे). घरात मराठी आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजी असलेल्या मुलांनी बंगाली लेखनाचा सराव करावा. महाराष्ट्र पोलिसांसाठी महाराष्ट्राचा अधिवास दाखला लागतो.
- अधिकारी पदे: बारावीनंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा. या भरतीला अग्निपथ योजना लागू नाही.

एकाच वेळी दोन-तीन परीक्षांची तयारी करता येते. अभ्यासक्रमांत बराच भाग सारखा आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मध्येच सेवा सोडता येते का?*
स्वतःच्या इच्छेने सोडता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत सक्षम अधिकाऱ्याची परवानगी मिळाल्यास सोडता येते. तेव्हा फक्त तुमचा वाटा आणि त्यावरील व्याज मिळते, सरकारचा वाटा मिळत नाही.

*एनसीसीचा उपयोग होतो का?*
होय. एनसीसी प्रमाणपत्रधारकांना नियमानुसार जादा गुण मिळतात. कोलकात्यात शाळा-कॉलेजात एनसीसी असेल तर जरूर नाव नोंदवा.

*"ओळख आहे, काम करून देतो" असे कोणी सांगितले तर?*
पैसे देऊ नका. ऑनलाइन अर्जाचे ठरलेले शुल्क सोडले तर भरतीसाठी कोणालाही काही द्यावे लागत नाही. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात ठेवू नका. संशय आल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा भरती कार्यालयात कळवा.

*आईवडिलांचे मत वेगळे असेल तर?*
ही माहिती घरात मोठ्याने वाचा. पगाराचा आणि वयाचा हिशेब कागदावर मांडा. चार वर्षांनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत घर कसे चालेल, हे लिहून काढा. त्या कागदावर घरातल्या सर्वांचे एकमत झाले तर अर्ज भरा. झाले नाही तर वय असेपर्यंत पुढच्या भरतीपर्यंत थांबता येते.

अर्जापूर्वीची यादी

दहावी-बारावीची प्रमाणपत्रे, अधिवास दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला, आधार, आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक, अविवाहित असल्याचे प्रमाणपत्र, चारित्र्य प्रमाणपत्र, एनसीसी किंवा खेळाचे प्रमाणपत्र असल्यास ते, आणि अलीकडचे छायाचित्र. सर्व कागदांच्या प्रती घरी एका फाइलमध्ये ठेवा. नियम आणि तारखा दर भरतीला बदलू शकतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी चालू वर्षाची अधिकृत जाहिरात पूर्ण वाचा.